एका कान्याचा फरक

राजेही होते आणि रानेही होती, तेव्हाची ही गोष्ट.

नेहमीसारखीच सकाळ होती. म्हातारी चितारीण दरबाराच्या भिंतीवर वाळकी पाने, बियांची टरफले आणि जुन्या लुगड्यांच्या चिंध्या डिंकाने चिकटवून रानाचे चित्र करत होती. निम्मी भिंत भरली होती. एवढ्यात एक गुराखीण धापा टाकत आली.

"आजी, बेहडा पाडला गं! धनेशाचा बेहडा!"

त्या झाडाच्या ढोलीत धनेश पक्ष्याच्या मादीने स्वतःला लिंपून घेतले होते. आत पिल्ले होती. नर बाहेरून, फटीतून फळे भरवायचा.

"कोणी पाडला?"

"राजाच्या माणसांनी. तुझ्या चित्राला साल हवी म्हणून."

चितारीण तशीच कारभाऱ्याकडे गेली. "मी काय सांगितलं होतं? पडलेलंच आणा!"

कारभाऱ्याने हुकुमाचा कागद काढला. त्यावर लिहिले होते, 'पाडलेले आणावे.' तो हसला. "एक काना जास्त पडला, आजी. पडलेली काय, पाडलेली काय, साल ती सालच!"

"असं? मग तुमचा दात पडला काय आणि मी पाडला काय, दात तो दातच ना? या पुढे!"

कारभाऱ्याचा हात तोंडावर गेला.

गलका ऐकून राजा आला. "आजी, झाडं आणखी लावू. काम थांबवू नका. पाहुणे यायचेत. रानावर आमचं किती प्रेम आहे, ते दिसू दे त्यांना."

"प्रेम? चला महाराज, दाखवते तुमचं प्रेम."

ती त्याला रानात घेऊन गेली. बेहड्याच्या जागी नुसता बुंधा उरला होता. त्यावर धनेश बसला होता. चोचीत उंबर होते. तो उडे, घिरटी घाली, पुन्हा तिथेच येऊन बसे.

"हा काय शोधतोय?" राजाने हळूच विचारले.

"आपलं घर. सांगा त्याला महाराज, एक काना जास्त पडला म्हणून."

त्याच दिवशी हुकूम मागे घेतला गेला, कुऱ्हाडी जमा झाल्या. पण ढोलीतले जीव गेले ते गेलेच. पुढे पाहुणे आले. अर्ध्या कोऱ्या भिंतीकडे बोट दाखवून त्यांनी कारण विचारले, तेव्हा भरल्या दरबारात राजाने मान खाली घातली.

लहानांनो, मोठ्यांनो, रानाने टाकलेले उचलून घडवले तर ती कला. त्याचे हिसकावून सजवले तर ती लूट.

चितारीण पुन्हा दरबारात गेली नाही. ते चित्र पुरे झाले नाही.