दातांनी ऐकणारा धाकू लोहार

इसवी सन एकोणीसशे एक्केचाळीस. वैशाख वद्य पंचमी, करवंदं काळी पडायचे दिवस. त्या सकाळी सोनखड्याच्या घाटमाथ्यावर अब्बास ड्रायव्हरच्या मोटारीचं मागलं अंग एकाएकी वाजू लागलं. खडाक!

मोटारीत वऱ्हाड होतं. नवरी धरून एकतीस माणसं, टपावर रुखवत. लग्न घाटाखालच्या गावात, गोरज मुहूर्तावर. अब्बासला या घाटात नऊ वर्षं झाली होती, आणि त्याच्या चाकाखाली कधी कोंबडीसुद्धा आली नव्हती. ते तो सगळ्यांना सांगायचा.

गाडी हलली की खडाक. ब्रेक दाबला की खडाक. मधे काही नाही.

"हंडे वाजतायत," नवरीचा मामा म्हणाला.

हंड्यांत गवत कोंबलं. खडाक. हंडे खाली उतरवले. तरी खडाक.

"आता मामाला उतरवा," एक म्हातारी म्हणाली. "सगळ्यात जास्त तोच वाजतोय."

अब्बास गाडीखाली वाकला. त्याला काही दिसलं नाही. ऊन चढत होतं, मुहूर्त जवळ येत होता. "हळूहळू उतरवतो," तो म्हणाला. "माझ्या हातात आहे गाडी."

तेवढ्यात रस्त्याकडेच्या भात्यावरून धाकू लोहार उठून आला. चाळीस वर्षं घण मारून तो ठार बहिरा झाला होता.

"धाकूकाका, तुम्ही काय ऐकणार?" अब्बास हसला. वऱ्हाडही हसलं. धाकूला ते ऐकू आलं नाही, म्हणून तो थांबलाही नाही.

तो गाडीखाली शिरला. हातोड्याचं लोखंड मागल्या आसाला टेकवलं, दांड्याचं टोक दातांत धरलं आणि डोळे मिटले. मग हातानं खूण केली. अब्बासनं ब्रेक दाबून धरला, चार गड्यांनी गाडी पुढं-मागं रेटली. असं म्हणतात, त्या वेळी करवंदीतली पाखरं गप्प झाली आणि दरीतला वाराही थांबला.

धाकूनं उजवीकडे ऐकलं. डावीकडे ऐकलं. दातांतून दांडा काढला.

"डावा कमानपाटा," तो म्हणाला. "पाट्याला आसाशी धरणारा खिळा तुटलाय. आस सरकतोय. पहिल्या वळणावर चाक एकीकडं आणि तू एकीकडं."

अब्बासला पटेना. त्यानं पाट्याची पकड सोडली. खिळ्याचे दोन तुकडे त्याच्या तळहातावर पडले. तुटलेली कड निम्मी गंजून तांबडी झालेली, निम्मी ताजी, चकचकीत. म्हणजे तो कधीचा तुटत आला होता, आणि अब्बास त्याच्याच भरवशावर रोज घाट उतरत होता. त्यानं वर पाहिलं. नवरी खिडकीतून त्याच्याकडे बघत होती.

धाकूनं भाता फुंकला. खिळ्याजोगं लोखंड जवळ नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःची पहार तोडली. वऱ्हाडानं वासे लावून गाडी उचलून धरली. मामानंही खांदा दिला. खिळा बसला, गाडी हलली, आवाज आला नाही. ती घाट उतरली आणि गोरजावर अक्षता पडल्या.

पुढं ती मोटार भंगारात गेली. सगळी गंजली, धाकूचा खिळा तेवढा उजळ राहिला, असं म्हणतात.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अब्बास रिकामी गाडी घेऊन माथ्यावर आला. काय देऊ, असं त्यानं हातांनी विचारलं. धाकू मोठ्यानं बोलला, बहिरी माणसं बोलतात तसा.

"चालवणाऱ्याला आपलं मागलं अंग कळत नाही. तू दुसऱ्याच्या गाडीखाली वाक. मग फिटेल."

आठव्या दिवशी अब्बासनं माथ्यावर लाकडं भरलेला एक ट्रक अडवला. "तू कोण रे मोठा वैद्य?" ट्रकवाला ओरडला.  हातोड्याचा दांडा दातांत धरून अब्बास खाली शिरला. त्या ट्रकचेही पाटे सैल निघाले. त्यानं ते आवळून दिले.

आज धाकू नाही, अब्बासही नाही. पण सोनखड्याच्या माथ्यावर गाडी थांबतेच. तिथं साखळीला एक हातोडा आहे, दांड्यावर दातांचे व्रण आहेत. आपल्या गाडीखाली तिथं कोणी बघत नाही. पुढच्याच्या गाडीखाली वाकायचं, लोखंड टेकवायचं, ऐकायचं. मग उठून, अंगावरची धूळ झटकून ड्रायव्हर म्हणतो,

"धाकूकाका, फिटलं."