बिनसांध्याचा गोळा

"सांधा! पुन्हा सांधा!" असं ओरडून भुजंगराव महाराजांनी हातातला गोळा ताटात आपटला. तो टुणकन उडाला आणि दिवाणजींच्या मांडीवर जाऊन पडला. दिवाणजींनी तो गुपचूप खाल्ला. सकाळपासून त्यांच्या पोटाची सोय अशीच होत होती.

भानगड होती केकची. शेजारच्या संस्थानात लग्नाला गेलेल्या महाराजांनी तिथे तीन मजली विलायती केक पाहिला होता. त्याच्यावर मांडलेले पांढरेशुभ्र, गुळगुळीत गोळे पाहून त्यांचे डोळेच दिपले. युवराजांच्या वाढदिवसाला आपल्याकडेही तसाच केक हवा, आणि गोळ्यांवर सांध्याची रेघसुद्धा नको, असा त्यांनी हट्ट धरला.

केक राजवाड्यातल्या नरहरी आचाऱ्याने कसाबसा जमवला. गोळे मात्र जमेनात. लाडू वळायचा, त्यावर बदामाच्या लगद्याची पातळ पोळी पांघरायची, कडा खाली जमवून चिमटीने मिटवायच्या, जास्तीचं कापून टाकायचं आणि गोळा तळहातांत फिरवत राहायचं. नरहरीने सगळं केलं. पण मिटवल्या जागी केसाएवढी रेघ राहायचीच, आणि महाराजांच्या करंगळीचं नख ती बरोबर हुडकून काढायचं. राज्यकारभारात या नखाने कधी काही हुडकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं!

"नरहरी," महाराज गरजले, "उद्या सकाळी बिनसांध्याचा गोळा आला नाही, तर तुला नारळ!"

नरहरी घरी आला तो डोक्याला हात लावूनच बसला. सारी हयात त्याने राजवाड्याच्या चुलीपुढे काढली होती. "या वयात कुणाच्या दारात उभा राहू गं?" असं तो आपल्या मुलीला, द्वारकीला म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

पण रडत बसणं द्वारकीच्या स्वभावात नव्हतं. तिने उरलेला एक गोळा उचलून उलटासुलटा करून पाहिला.

"आप्पा, सांधा खालीच का हो ठेवता?"

"मग काय डोक्यावर मिरवू? लपवायला नको?"

"उद्याचा गोळा मी करते," द्वारकी म्हणाली, "आणि घेऊनही मीच जाते."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. केक मधोमध ठेवून नरहरी बाजूला उभा राहिला. द्वारकीने चांदीची तबकडी पुढे ठेवली आणि सगळे खो खो हसत सुटले. गोळा सुरेख होता, पण सांधा चक्क वर होता! चिमटीने मिटवलेली पोळी माथ्यावर शेंडीसारखी उभी होती.

"अगं पोरी," महाराज म्हणाले, "हा सांधा तर आमच्या आजीबाईंनासुद्धा दिसेल. चष्मा न लावता!"

"दिसू दे की, सरकार. पण गोळा अजून तुमच्या हातात कुठे आलाय?"

"आण की मग इकडे!"

"अगंबाई! असा कसा आणू? आधी चव घेतल्याशिवाय सरकारांच्या हाती काही द्यायचं नाही, हा हुकूम कुणाचा?"

"आमचा!" महाराज ताठ बसून म्हणाले. आपल्या हुकमांचा त्यांना फार अभिमान होता. "खंडेराव, चव घ्या!"

खंडेराव पुढे झाले. एरवी ताटातला एखादाच गोळा ते चाखत आणि बाकीचे महाराजांकडे जात; आज तबकडीत गोळाच एक होता. महाराजांच्या आधी प्रत्येक पदार्थ चाखणं हीच त्यांची नोकरी होती आणि ती त्यांच्या अंगाला चांगलीच लागली होती. त्यांनी नेहमीप्रमाणे चाकू काढला, नेहमीप्रमाणे गोळ्याच्या माथ्यावरून एक चकती कापली आणि तोंडात टाकली. शेंडी गेली. सांधाही गेला!

द्वारकीने गोळा उलटा केला आणि कापलेली बाजू खाली करून केकवर ठेवला. आप्पांचे गोळे केकवरून घरंगळत होते. हा जागचा हलला नाही.

"आता बघा, सरकार."

महाराजांनी नख फिरवलं. वरून फिरवलं, बाजूने फिरवलं, वाकून वाकून फिरवलं. मुकुट घसरून नाकावर आला, पण रेघ काही सापडेना.

"सांधा गेला कुठे?"

"खंडेरावांना विचारा."

"गोड होता, सरकार," खंडेराव तोंड पुसत म्हणाले.

दरबारात हशा पिकला. पण महाराज इतक्यात हार मानतात कसले! त्यांनी गोळा उचलून खालून पाहिला आणि ते ओरडले, "सापडलं! हा तर कापलेला आहे! त्या लग्नातला गोळा असा नव्हता!"

"तोही सरकारांनी उचलून पाहिला होता?"

"छे! पाहुण्याने लोकांच्या केकवरचे गोळे उचलायचे असतात का?"

"मग उद्या तुमचे पाहुणे तरी कशाला उचलतील?"

शेवटचा प्रयत्न म्हणून महाराज पुटपुटले, "पण कापलेला आहे तो आहेच."

"आहेच, सरकार. पण हुकूम सांधा नको असा होता. कापू नका असा हुकूम हवा असेल, तर आत्ता सोडा. मग नारळ आप्पांना नको, खंडेरावांना द्यावा लागेल!"

खंडेराव दचकले आणि चाकू पाठीमागे लपवू लागले. ते पाहून महाराजांना जे हसू फुटलं ते आवरेचना. हसता हसता त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून द्वारकीच्या हातात ठेवलं.

"नरहरी, तुझी चूल तुझीच! आणि खंडेराव, केकवर मांडायचे सगळे गोळे आधी तुमच्यापुढे येतील. एकाही माथ्यावर सांधा राहता कामा नये!"

"जशी आज्ञा, सरकार," खंडेराव म्हणाले आणि तिथेच मांडी घालून बसले. दिवाणजींचं तोंड मात्र एवढंसं झालं.