फणसाची लढाई आणि पहिली ओळ

“पंत, सरत्या साली जगात जे जे मोठं घडलं, ते सगळं पाडव्याच्या दरबारात वाचा. पहिल्या ओळीत आमचा पराक्रम हवा. आणि खबरदार, एक अक्षरही खोटं नको!”

माडवेली बंदराच्या रुद्राजीराजांनी हुकूम सोडला आणि बखर लिहिणाऱ्या नारोपंतांना घाम फुटला. खोटं नको, ही अट नवीनच होती. गेल्या पाडव्याला पंतांनी ‘महाराजांनी एका बाणात वाघ लोळवला’ असं खणखणीत आवाजात वाचलं, तेव्हा शेजारच्या राज्याचा वकील भर दरबारात म्हणाला होता, “वा! कातडं बघायला मिळेल का?” तेव्हापासून राजांना खऱ्याची फार गोडी लागली होती.

“पण महाराज, शके पंधराशे बत्तीस सालात आपण...” पंत चाचरले.

“काहीच केलं नाही, असंच ना? मग आता करू! पहिली ओळ मिळाली नाही, तर पाडव्याच्याच मुहूर्तावर शेजाऱ्यावर स्वारी. बारा गलबतं, आणि कोळीवाड्यातला घरटी एक माणूस वल्ह्यावर!”

पंतांचं जग राजवाड्याच्या देवडीपाशी संपत होतं. ते धावत गेले पोशी कोळणीकडे. बंदरात अरबांचं, फिरंग्यांचं, वलंदेजांचं म्हणजे डचांचं जहाज लागलं की पोशी टोपली घेऊन तिथे हजर! राजांचे हेर पगार घेऊन झोपा काढत, आणि ही बाई मासळी विकता विकता जगाच्या खबरा घेऊन येई.

“लिवा,” मासळी कापता कापता पोशी म्हणाली. “फरासांच्या राजाची गाडी गल्लीत अडकली, नि एकानं वर चढून त्याला सुरी खुपसली. मस्कोवच्या राजाला त्याच्याच लोकांनी उतरवला नि साधू करून मठात डांबला. आता त्याच्या गावात परकी फौज बसलीय.”

“अरेरे!” फ्रान्स आणि मॉस्को कागदावर उतरवून पंत म्हणाले, “आणखी?”

“एका फिरंग्यानं नळीतून आभाळ बगितलं, तर गुरूच्या भवती चार चंद्र! नि वलंदेजांनी पूर्वेकडचा कसला तरी पाला आपल्या मुलखात नेलाय. पान्यात उकलून पितात म्हनं.”

पंतांनी कपाळाला हात लावला. “यात महाराजांना पहिलं कुठं बसवू, पोशे? आता स्वारी टळत नाही.”

पोशीचा कोयता थांबला. पहिल्या गलबताचा तांडेल तिचाच नवरा होता, जोमा.

“पंत, मना दरबारात न्या,” ती म्हणाली.

पाडव्याला दरबार भरला. शेजारचा वकीलही मिशीत हसत बसला होता. पंतांनी चारही खबरा वाचल्या आणि कागद गुंडाळला.

“आणि आम्ही?” राजे गरजले.

“तुमची पयली ओल मी सांगतंय महाराज!” दारातून पोशी टोपलीसकट पुढे आली. सरदारांनी नाकाला शेले लावले. “फनसाची लढाई!”

दरबार गारठला. या लढाईचं नाव काढायची राज्यात बंदी होती. गेल्या ज्येष्ठात हद्दीवरचा फणस लगडला, तेव्हा तो आमचा म्हणून दोन्ही राजे फौजा घेऊन भिडले होते. तीन दिवस नुसत्या शिव्या चालल्या. चौथ्या दिवशी पाहतात तो सगळे फणस माकडांनी फस्त केलेले! दोन्ही फौजा मुकाट घरी परतल्या.

“बाई, जीभ आवर!” राजे लालबुंद झाले.

“खोटं असंल तर सांगा. किती मानसं नेली व्हती?”

“तीनशे.”

“परत किती आली?”

राजे अडखळले. “तीनशे. एकाचा पाय मुरगळला.”

“मंग! सगल्यांच्या टोपलीत बांगडा असला, का बांगड्याला मांजर बी इचारीत नाय. ज्या टोपलीत एकच जिताडा, तिच्याभवती बाजार लोटतो! अवंदा जगभर बांगडाच बांगडा, महाराज. हा राजा मारला, तो राजा उतरवला, त्या गावात फौज शिरली. पन जेवढी फौज गेली तेवढी घरी जेवायला आली, अशी खबर या बंदरात एकच. ती तुमची!”

राजांनी धास्तावून वकिलाकडे पाहिलं. वकील उठून म्हणाला, “शब्दन् शब्द खरा आहे, महाराज. आम्हीही होतो तिथं.”

“पण ते चार चंद्र?” राजांना अजून धीर होईना.

“ते तिथंच व्हते की! त्याला आता दिसले. त्यात घडलं काय?”

“आणि तो पाला?”

“पाला तर माजी शेली बी खाते. तिची बखर कोन लिवीत नाय!”

दरबारात खसखस पिकली. राजांचा हात मिशीवर गेला. “म्हणजे पहिली ओळ आमची! मग आता स्वारीही करू. दुसरी ओळही आमचीच!”

“करा की!” पोशी म्हणाली. “मंग तुमच्या टोपलीत बी बांगडा! आज तुमी पयले हाव. उद्या फरास नि मस्कोवच्या मागं, रांगेत शेवटी उभं ऱ्हावं लागंल.”

राजे पोशीच्या टोपलीत डोकावले. मग असे हसले, असे हसले की पगडी कानावर आली! “स्वारी रद्द! गलबतं वर ओढा!” ते ओरडले. “आणि तू माग, काय हवं ते माग!”

“तो फनस द्या.”

“तो कसा देऊ? तो आमचा की त्यांचा, हेच ठरायचंय!”

“म्हनूनच मागतंय! माजा जाला, का तुमचा बी नाय नि त्यांचा बी नाय. भांडान कशाचं?”

आता वकीलही पोट धरून हसला. त्याच दिवशी राजांनी सनद लिहून दिली, आणि पुढे वकिलाच्या राजानंही हसत हसत तिच्यावर शिक्का उमटवला. ज्येष्ठात पहिला फणस पिकला, तेव्हा पोशीनं दोन्ही राजांना निम्मा निम्मा धाडला. माकडांचा वाटा तिनं झाडावरच ठेवला.