नारळ कुठे वाढवायचा?

धनावडे बिल्डरनं इमारत बांधली आणि लोकांच्या गळ्यात मारली. रेवाच्या नव्याकोऱ्या घरात फरशीवर टाच आपटली, की ती रिकाम्या डब्यासारखी वाजायची. तक्रार केली की धनावडे म्हणायचा, "नवं घर असंच बोलतं." आज सोसायटीनं इमारतीचा ताबा घेतला, की तो पुन्हा फिरकणार नव्हता. तरी म्हाताऱ्या मंडळींनी त्याच्या सत्काराला शाल आणली होती! अशांच्या मुकाटपणामुळेच असले शेठ माजतात.

सत्कार रेवाच्याच हॉलमध्ये होता. शाल उघडण्याआधीच ती म्हणाली, "आधी फरशीचं बोला."

"गप बस गं," चेअरमन सबनीसकाका खेकसले. "मोठ्यांसमोर तोंड चालवतेस?"

धनावडे हसला. "कॉलेज सोडलेल्या पोरीनं मला बांधकाम शिकवू नये. फरशी नाही ती, कातळ आहे कातळ!"

"मग प्रश्नच मिटला." रेवानं पूजेचा नारळ त्याच्या हातात दिला. "शुभकार्य आहे शेठ. वाढवा इथंच, तुमच्या कातळावर."

धनावडेनं हात उचलला, फरशीकडे पाहिलं आणि हात तसाच वर राहिला.

"नारळ... बाहेर पायरीवर वाढवू की."

"का? नारळ फुटेल म्हणून भिताय, की फरशी?"

सगळा हॉल हसला. धनावडेनं नारळ अलगद खाली ठेवला आणि तिथूनच मिस्त्रीला फोन लावला. ताबा लांबला.

नवी फरशी बसल्यावर नारळ रेवानंच वाढवला. खोबऱ्याला पहिला हात मात्र सबनीसकाकांचा होता.