कुमुदराणीने तिघांना घरी पोचवलं

पाय पोटाशी घ्या, गोधडी वर ओढा आणि ऐका. एका माळरानावर सोमशेखर नावाचा राजा राज्य करायचा. मनाने चांगला हो, पण त्याला भारी नाद प्राण्यांचा. जगात जे जे जनावर आहे, ते आपल्या बागेत असावं असं त्याला वाटे.

मग त्याने काय केलं? वाळवंटातून उंट आणला. बर्फाच्या डोंगरातून लांब केसांची चमरी गाय आणली. आणि पार दक्षिणेच्या गार समुद्रावरून आणला पेंग्विन. पक्षी बरं का, पण उडत नाही. आपल्या या धाकट्या गुंड्यासारखा डुलत डुलत चालतो!

पण झालं काय, पावसाळा लागला नि उंट चिखलात घसरून पडायला लागला. उन्हाळ्यात चमरी गाय धापा टाकायला लागली. पेंग्विन तर विहिरीच्या पायरीवर मान खाली घालून नुसता उभा. राजाने उंटाखाली गालिचे अंथरले, गायीला वाळ्याचे पडदे लावले, पेंग्विनला चांदीच्या घंगाळात मासे दिले. पण तिघंही तोंड लावीनात. पार खंगून गेली. राजा रडकुंडीला आला.

"कुमुद, मी यांना काय कमी केलं गं?"

कुमुदराणी समुद्रकाठची. ती म्हणाली, "काहीच कमी केलं नाहीत. पण आमच्याकडची मासळी इथल्या तळ्यात सोडली तर जगेल का? यांना घरी पोचवायला हवं. मीच जाते."

"इतक्या लांब? तुला वाटेत काही झालं तर?"

"आणि यांना इथे काही झालं तर?"

राजाने स्वतः तिच्या प्रवासाची तयारी केली. मग राणी एकेकाला घेऊन निघाली.

आधी उंट. वाळवंटात पोचली आणि असं वादळ सुटलं, की वाट दिसेना. पखालीतलं पाणी संपलं. राणीच्या घशाला कोरड पडली. मग तोच आपला घसरणारा उंट! नाकपुड्या मिटल्या, पापण्या झुकवल्या आणि वाळूतून असा झपाझप चालला, की राणीला थेट झऱ्यापाशी नेऊन उभी केली. ती पोटभर पाणी प्यायली आणि उंटाच्या पाया पडली.

मग चमरी गाय. डोंगरात बर्फ पडायला लागलं. राणीची बोटं काळीनिळी झाली, तिला पाऊल उचलवेना. गाय तिच्याशेजारी बसली. राणी तिच्या लांब केसांत शिरली, तशी ऊब आली. ज्या केसांनी माळावर गायीचा जीव घेतला असता, त्यांनीच इथे राणीचा जीव वाचवला.

मग राहिला पेंग्विन. गार समुद्रात धुकं दाटलं, होडी बर्फाच्या तुकड्यांत सापडली, बाहेरची वाट दिसेना. नावाडी म्हणाले, "राणीसाहेब, संपलं आता!" तेवढ्यात पेंग्विनने सूर मारला. जमिनीवर धडपडणारा तो, पाण्यात बाणासारखा सुटला. पुढे जाई, वर येऊन हाक मारी. मागोमाग होडी. असा वाट काढत त्याने त्यांना मोकळ्या पाण्यात आणलं आणि मग आपल्या भाईबंदांत निघून गेला. राणीने डोळे पुसले. "बाबा रे, तुझे उपकार कसे फेडू?" पण तो कधीच पोचला होता घरी.

इकडे राजाने बागेची दारं सताड उघडून ठेवली होती. राणी परतली, तर तो तिला वेशीवरच भेटला. म्हणाला, "बोलू नकोस, नुसती बघ." बागेत काळवीट चरत होते. खोकडीची पिल्लं उन्हात लोळत होती. गवतातून माळढोक ऐटीत चालला होता. कोणी आणलं नव्हतं त्यांना. ती त्या माळाचीच होती, राजाने कधी पाहिली नव्हती एवढंच.

दोघांनी त्यांना हात जोडले. मग वाळूत उंट, बर्फात गाय, समुद्रात पेंग्विन आणि माळावर राजाराणी, सगळे आपापल्या जागी सुखात राहिले. तुम्हीही आता आपापल्या अंथरुणात जा बघू. गुंड्या, माझ्या कुशीतून हल. मिटा डोळे.