दोनदा साबण

"मग चूक कोणाची, बाबा? माझी, की त्या टकल्याची?"

(सुमंतगिरीचं स्वतःचं डोकंही तुळतुळीतच. पण संन्याशाचं असतं ते वैराग्य, दुसऱ्याचं असतं ते टक्कल.)

भिकनगिरी बाबा मठाच्या हौदावर आपली लुंगी धूत होते. वय ब्याऐंशी. गुडघे त्याहून जुने. काल जन्मात पहिल्यांदा विमानात बसले, भक्ताने पाठवलेल्या तिकिटावर, कोलकात्याहून पुण्याला. शिष्य सुमंतगिरी पुढच्या रांगेत आणि बाबा बरोबर त्याच्या मागे.

"सांगा ना. उद्याच्या प्रवचनात हाच किस्सा घेतोय. हजारभर माणूस येईल. तुमचा एक शब्द पडला की झालं."

"काय झालं होतं?"

"तुम्ही मागेच होता की! मी आपला निवांत टेकून बसलेलो. पुढचा टकल्या बटण दाबतो आणि खुर्ची धाडकन माझ्या मांडीवर! म्हटलं, सरळ करा. तर म्हणतो, खुर्ची माझी, बटण माझं."

"मग?"

"लावले गुडघे त्याच्या पाठीला. तो ओरडला, मी ओरडलो. हवाई सुंदरी धावत आली. शेवटी केली बापड्याने खुर्ची सरळ."

बाबा साबण घासत राहिले.

"पण मी सोडतो होय? अर्धा तास ऐकवलं त्याला. म्हटलं, आपल्या आरामाखाली कोण चेंगरतंय हे जो बघत नाही, तो माणूसच नव्हे! पलीकडच्या बाईंनी तिथल्या तिथे पाया पडून घेतलं."

अर्धा तास. आणि ऐकणारा पट्ट्याने बांधलेला. ही सोय आधी सुचली असती, तर आमच्या प्रवचनकारांनी मठ बांधलेच नसते, सरळ विमानं घेतली असती.

बाबांनी लुंगी खळबळली, उलटी केली आणि पुन्हा साबण लावायला घेतला.

"द्या इकडे, मी धुतो."

"राहू दे."

"अहो, नुसतं पाणी तर सांडलं होतं. त्याला दोनदा साबण कशाला?"

त्याचं असं झालं होतं. काल विमानतळावर भक्त हार घेऊन उभे होते आणि बाबांची लुंगी पुढून ओली. सुमंतगिरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी विचारायच्या आत त्यानेच मोठ्याने सांगून टाकलं, "बाबांनी पाणी सांडून घेतलं बघा, लहान पोरासारखं!" सगळे हसले. बाबाही हसले.

"पाणी नव्हतं ते," बाबा म्हणाले.

…

सुमंतगिरीने लुंगीचं एक टोक ओढून घेतलं होतं. ते तसंच हातात राहिलं.

"अहो, पण… मागे संडास होता की. त्या पोरीने दाखवला होता तुम्हाला."

"होता."

"मग उठला का नाहीत?"

बाबांनी हौदाच्या कट्ट्याकडे मान उडवली. "बस तिथे. ताठ."

तो बसला. बाबांनी साबणाने बरबटलेलं एक बोट त्याच्या कपाळाला टेकवलं.

"ऊठ."

रोज शंभर सूर्यनमस्कार घालणारा गडी. मांड्या ताणल्या, दात आवळले, मानेच्या शिरा फुगल्या. ढिम्म. खोटं वाटत असेल तर घरी करून बघा. घरातल्या सगळ्यांत तोऱ्यातल्या माणसाला बसवा, मजा येईल. पुढे वाकल्याशिवाय कुणालाच उठता येत नाही.

"बाबा, वाकू तर द्या की जरा! पुढे जागाच नाही, तर माणूस उठणार कस…"

तोंड उघडंच राहिलं.

बोट कपाळावरच होतं. बाबा हसत नव्हते.

…

"माझी खुर्ची," सुमंतगिरी म्हणाला. "पुणं जवळ येईपर्यंत… पूर्ण मागे."

बाबांनी बोट काढलं. तरी तो उठला नाही. साबणाचं पाणी भुवईवरून डोळ्यात उतरलं, तेही त्याने पुसलं नाही. कान मात्र लालबुंद.

"आणि वर सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणालो… लहान पोरासारखं."

"हं."

"तुम्ही हसलात."

"सगळे हसत होते."

…

"उद्या मी नाही बोलणार, बाबा. हजार माणसांसमोर कुठल्या तोंडाने…"

"टोक धर."

लांब लुंगी एकट्याने पिळता येत नाही. एक टोक गुरूच्या हातात, एक शिष्याच्या. तो उजवीकडे पिळतो, हा डावीकडे. पिळताना समोरच्याकडे बघावं लागतं. सुमंतगिरी पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

"एक टिचकी मारायची होती," तो म्हणाला. "खांद्याला हात लावायचा होता. मी तुमच्या नाकापुढे होतो, बाबा. एक हाक का नाही मारलीत?"

बाबांनी लुंगी झटकली आणि दोरीवर टाकली.

"तुझं प्रवचन चाललं होतं रे. मधूनच कसं उठायचं?"