लोखंडी मुखवटा आणि राणीचे हात

एका राज्यात जे घडलं, ते माझ्याइतकं खडान्‌खडा कोणालाच ठाऊक नाही. राजाचं नाव तेवढं विसरलोय, म्हणून त्याला आपण राजाच म्हणू. राणीचं नाव शीलप्रभा. ते पक्कं आठवतं, कारण सोसलं तिनंच.

दूरदेशीचा मांत्रिक धूम्रकेश एकदा दरबारी आला. राजा रीतीप्रमाणे बोलला, "यावं, हे राज्य आपलंच आहे." परदेशीच तो! सरळ गेला नि सिंहासनावर बसला. दरबार पोट धरधरून हसला. मांत्रिकाचे डोळे पेटले.

"मी शब्द ऐकला, तर हसलात? आता तुम्हालाही शब्दच ऐकू येवोत!"

शाप लागला. मांत्रिक सिंहासनावरून हलेना. गावात एक आई चिखलात लोळलेल्या लेकीला म्हणाली, "मर मेले!" तर ती पोर ओसरीवर आडवी झाली आणि डोळे मिटून मरणाची वाट पाहू लागली.

राजा शिकारीहून उशिरा परतला. काळजीनं अर्धी झालेली राणी फणकारली, "पुन्हा मला तोंड दाखवू नका!" राजानं लोहार बोलावला आणि चेहऱ्यावर लोखंडी मुखवटा ठोकून घेतला. शापाचंच लोखंड ते, दिवसागणिक आवळत गेलं. राजाचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला.

राणी मांत्रिकापुढे उभी राहिली. "उतारा सांगा."

"शब्द एक आणि मन दुसरं, असे तीन बोल मला ऐकव. मग उठेन."

राणीच्या खांद्यावर एक साळुंकी येऊन बसली. शाप नव्हता तिथले बोल शोधायला दोघी सीमेपार गेल्या. पहिल्या झोपडीत म्हातारीनं होती ती एकच भाकरी पुढे सरकवली. "खा गं बाई, मी मघाच जेवले." राणी खुशाल जेवली. शब्दच ऐकू येत होते ना!

साळुंकी म्हणाली, "कान राहू दे. तिचे हात बघ."

म्हातारी परातीत सांडलेले कण बोटानं टिपून खात होती.

दुसऱ्या दारी लेक सासरी निघाली होती. बाप म्हणाला, "चाललीस एकदाची, सुटलो!" या खेपेला राणीनं आपणहून पाहिलं. बाप तिच्या गाठोड्याची गाठ सोडत होता, पुन्हा बांधत होता.

दोन्ही बोल, हातांसकट, एका शंखात भरून राणी परतली. मांत्रिकानं शंख कानाला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"तिसरा?"

"तिसरा माझ्या घरचाच आहे."

तिथंच दरबारात राजा धापा टाकत पडला होता. राणी त्याच्यापाशी गुडघ्यांवर बसली आणि अक्षर न बदलता म्हणाली, "पुन्हा मला तोंड दाखवू नका." हात मात्र मुखवट्याच्या कडेनं खिळे उपटू पाहत होते, नखं रक्ताळली होती. राजानं फटीतून ते हात पाहिले. त्याचे डोळे वाहू लागले. ते पाणी लागलं तसे खिळे एकेक गळून पडले.

मांत्रिक उठला, उपरण्यानं सिंहासन झटकलं आणि वाटेला लागला. गावात आई पुन्हा "मेले!" म्हणाली, तशी ती पोर खिदळत तिच्या पदरात शिरली.

राजा गाल चोळत म्हणाला, "राणीसाहेब, त्या दिवशी 'काळजी वाटली' एवढंच म्हणायचं होतंत की."

"ते म्हणायचं नसतं, महाराज. ऐकायचं असतं."